उभ्या गाडीची थरथर

आमच्या आणि माईंच्या अंगणामधली भिंत बरोबर कोपर टेकता येईल एवढ्या उंचीची आहे. गवंड्याने ती हद्द म्हणून घातली. आम्ही गेली एकोणीस वर्षं तिच्यावर शेंगांचं सूप ठेवतो. संध्याकाळी साडेपाचला माई भाजलेल्या शेंगा घेऊन पलीकडून येतात, मी अलीकडून, आणि दिवेलागणीपर्यंत गल्लीचा जमाखर्च होतो. टरफलं भिंतीच्या बुडाशी पडत राहतात. शेंगा संपतात, विषय संपत नाहीत.

त्या दिवशी मी बाजारातून आले, गाडी नेहमीसारखी भिंतीला लागून उभी केली आणि इंजिन चालू ठेवूनच फाटक लावायला उतरले. माईंनी शेंग फोडता फोडता मान वर केली.

"काय गं, गाडी का थरथरतीय?"

"आठ दिवस झाले, अशीच करतेय."

"गारठली असंल. पावसात उभी असती बिचारी."

थरथर साधी नव्हती. डॅशबोर्डवर स्प्रिंगवाल्या मानेचं हत्तीचं पिल्लू आहे. एरवी ते फक्त खड्ड्यांना मान डोलावतं. आता साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडी उभी असतानाही ते नंदीबैलासारखं हो हो करायला लागलं होतं. स्टिअरिंगला मुंग्या, आरशात मागच्या रिक्षाच्या जागी दोन रिक्षा. आरपीएमची सुई एरवी ८०० च्या आसपास गपचूप बसते. ती ६०० वर जायची, ११०० वर उडी मारायची, परत खाली यायची. आणि गाडी चालायला लागली रे लागली की सगळं गुल. साठच्या वेगाने जाताना लोण्यासारखी.

"कुणाला दिली हुतीस का मधी?" माईंनी विचारलं.

हा प्रश्न यायचाच होता. गणपती उठल्यावर नणंदेचा मुलगा पुण्याहून आला होता. "मामी, कासची फुलं बघून येतो," म्हणून रविवारी सकाळी किल्ली घेऊन गेला तो संध्याकाळी परत. त्यानंतर गाडी दहा-बारा दिवस जागची हलली नाही, कारण माझा गुडघा. आणि बाहेर काढली तर ही थरथर.

"मग झालं तर," माई म्हणाल्या. "यवतेश्वराच्या घाटात पहिल्या गिअरात रेटली असंल. ह्या वयाची पोरं गाडी चालवत न्हाईत, पिळत्यात."

मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला बरं वाटलं. मी भर घातली, "आणि माई, मीटरवर सत्तर किलोमीटर जास्त आहेत. कासला जाऊन यायला पन्नास पुरतात."

माईंच्या हातातली शेंग थांबली. "मग उरलेले वीस कुठं गेले?"

हे 'उरलेले वीस' दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याच्या तोंडून माझ्याकडे परत आले. तोवर त्यांचे चाळीस झाले होते.

आमच्या गल्लीत गाडी आजारी पडली की माणूस आजारी पडल्यासारखं लोक बघायला येतात, आणि हात हलवत कुणी येत नाही, औषध घेऊनच येतो. बँकेतले भाऊजी बॉनेटशी उभे राहिले आणि म्हणाले, "तुमची तीन सिलिंडरची ना? मग हलणारच. तीन सिलिंडरच्या गाड्या हलतातच." त्यांची स्वतःची नवी कोरी गाडीही तीन सिलिंडरचीच आहे हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही. तीच गाडी पहिल्यांदा सिग्नलला आपोआप बंद पडली तेव्हा हे खाली उतरून धक्का मारायला मागच्या भाजीवाल्याला बोलवत होते. सिग्नलला पेट्रोल वाचावं म्हणून इंजिन आपलं आपण बंद होतं आणि क्लच दाबला की सुरू होतं, हे त्यांना मुलीने घरी आल्यावर समजावलं. ही हकीकत मला त्यांच्या सौभाग्यवतींनीच सांगितली आहे, तेव्हा ती खोटी असायचं कारण नाही.

कोपऱ्यावरच्या वहिनींनी विजेवरची गाडी घेतल्यापासून त्या कुणाच्याही गाडीबद्दल फक्त एकच वाक्य बोलतात: "आमची हलतच नाही." अहो, कशी हलेल? उभी राहिली की तिची मोटार फिरतच नाही. पंखा बंद असताना आवाज करत नाही याचं कौतुक करावं, तसं ते. तिसऱ्या घरातले म्हणाले, पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी येतं, टाकी धुऊन घ्या. कुणीतरी लिंबू-मिरचीही सुचवली, पण ती आधीपासून लटकत होती.

शेवटी मी गाडी गॅरेजला नेली. कुठल्या ते विचारू नका. मला त्याच रस्त्याने रोज जायचंय. त्याने स्कॅनर लावला, स्क्रीनकडे बघून "हं" केलं, तिन्ही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि सव्वातीन हजारांचं बिल हातात दिलं. जुने प्लग मागून घेतले. त्यांचा रंग छान विटकरी होता. म्हणजे धडधाकट होते, हे मला नंतर कळलं. घरी येईपर्यंत गाडी ठीक वाटली. फाटकाशी थांबले, आणि हत्तीने मान हलवली.

त्या संध्याकाळी भिंतीवर माईंबरोबर अण्णाही आले. अण्णा म्हणजे माईंचे यजमान. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढून निवृत्त झाले. "कान तिथंच ठेवून आले," असं माई म्हणतात. त्यांना आता मोठ्याने बोललेलंही निम्मं कळतं, त्यामुळे ते गल्लीच्या कुठल्याच भानगडीत नसतात. गाडीबद्दल इतके दिवस सगळी गल्ली बोलत होती आणि जाणता माणूस भिंतीपलीकडे पेपर वाचत बसला होता, कारण त्याच्या कानावर काही गेलंच नव्हतं.

"चालू करा, बाई." मी मराठी शाळेत शिकवत होते, त्यामुळे अण्णा मला अजून बाईच म्हणतात.

गाडी चालू केली. अण्णांनी बॉनेट उघडलं नाही. नुसता तळहात वर ठेवला, डोळे मिटले. डॉक्टर नाडी बघतात तसे. मग बोलले, तेही वर्कशॉपमधल्या आवाजात. समोरच्या घराची खिडकी उघडली.

"थरथर दोन तऱ्हेची असती बाई. एक जन्माची, एक आजाराची. आमची लाल गाडी स्टँडवर उभी बघितलीय न्हवं? खिडकीच्या काचा दातावानी वाजत्यात. ती आजारी नसती. डिझेलचं इंजिन मोठं, त्यात ठिणगी न्हाई. हवाच अशी दाबायची की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. प्रत्येक बार जोराचा, आणि उभ्या गाडीत सावकाश सावकाश. म्हणून एकेक बार बुडाखाली कळतो."

"आणि ही?"

"हिला तीन मुसळं हैत समजा."

इथे माईंनी ताबा घेतला, कारण मुसळ त्यांच्या हद्दीतलं होतं. त्यांच्या माहेरी एका उखळावर तिघी जणी आळीपाळीने कांडायच्या. एकीचं मुसळ खाली, दुसरीचं वर जाताना, तिसरीचं वर. ताल जमला की बाहेर ओट्यावर बसलेल्याला एकच आवाज ऐकू यायचा. पण एखादी चुकली, तिचं मुसळ दाण्यावर न पडता काठावर आपटलं, की लगेच आतून कुणी विचारायचं, कुणाचं गं ते?

इंजिनाचं हेच आहे. सुई ८०० वर असते तेव्हा मधला दांडा मिनिटाला ८०० फेरे घेतो, आणि प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे एकेकाचे ४०० बार. तीन सिलिंडरचे मिळून १२००, सेकंदाला वीस. हे वीस ठोके रबराच्या फाउंडेशनवर विरतात आणि आपल्याला नुसती गुणगुण जाणवते. चार सिलिंडरमध्ये तेच सेकंदाला सव्वीस-सत्तावीस होतात, शिवाय दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, म्हणून ते इंजिन जास्त शांत. तीनमध्ये टोकाचे पिस्टन एकमेकांना तोलत नाहीत, इंजिन थोडं जात्यावर बसल्यासारखं मागेपुढे डुलतं. भाऊजी तेवढ्यापुरते बरोबर होते. १९८३ साली आलेली मारुती ८०० सुद्धा तीन सिलिंडरचीच होती, ७९६ सीसीची, आणि अर्धा महाराष्ट्र तिच्यात बसून लग्नाला गेला. थरथरते म्हणून कुणी खाली उतरलं नाही. पण तिघींतली एक चुकली, तर तो खड्डा सेकंदाला सहा-सात वेळा येतो. तो मात्र गुणगुण राहत नाही, तो पोटात कळतो. मेकॅनिक लोक त्याला 'गाडी मिसिंग मारतेय' म्हणतात.

"मग मिसिंगच ना ही?" मी विचारलं. प्लगचे पैसे वसूल व्हावेत अशी इच्छा होती.

अण्णांनी मान हलवली. मिसिंग असती तर चढाला जोर कमी पडला असता, सायलेन्सरमधून फट् फट् आलं असतं. त्यांच्या वेळी एकेका प्लगची वायर काढून बघायचे: काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर कामाचा, आणि काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. आता वायरच्या जागी कॉइलचा सॉकेट काढतात, पण पारख तीच. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली म्हणून मीही सांगते: थरथरीबरोबर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी तिथेच बाजूला घ्यायची. न जळलेलं पेट्रोल मागच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग महागडा असतो. आपला दिवा लागलाच नव्हता.

फाउंडेशन तुटलंय का? नाही. ते तुटलं तर इंजिन आपल्या जागी नीट चालतं, सुई स्थिर राहते, फक्त हादरे अंगावर येतात. इथे सुईच नाचत होती. एसी लावल्यावर वाढतं का? तेवढंच. एसीचा कॉम्प्रेसर ओढायला लागला की घरात फ्रीज सुरू होताना दिवा मिचकावतो तसं इंजिन क्षणभर दबतं, मग संगणक त्याला जरा जास्त खुराक देतो. तो देत होता. गाडीला गॅसकिट आहे, तर गॅसवर आणि पेट्रोलवर वेगवेगळं वाटतं का? दोन्हीवर सारखंच. "मग टाकीतलं पाणी बी न्हाई आन् गॅसकिट बी न्हाई," अण्णा म्हणाले. तिसऱ्या घराचं औषध बाद.

उरलं काय? अण्णा गप्प. माई गप्प. शेंगाही संपत आल्या होत्या. मी उगाच म्हणाले, "अण्णा, आज गॅरेजमधनं आणली ना, त्यानंतर आता नेणार नाही मी कुठे. माझ्या गुडघ्याने ब्रेकच दाबवत नाही आजकाल. उभी राहूनच दाबावा लागेल असं वाटतं."

हे अण्णांना नीट ऐकू गेलं. कसं ते देव जाणे.

"कवापासनं?"

"झाले की आठ-दहा दिवस."

"गुडघा की ब्रेक?"

आता मला काय माहीत! पन्नाशी उलटलेल्या बाईचा पाय जड झाला तर ती गाडीला दोष देत नाही. अण्णांनी गाडी बंद करायला लावली. ब्रेक चार वेळा दाबा म्हणाले. दाबला. आता पाय तसाच ठेवून चालू करा. इंजिन चालू झालं की पाय खाली जातो का बघा. नाही गेला. लाकडावर पाय ठेवल्यासारखा पायाखाली तसाच. चांगल्या गाडीत तो चालू होताच बोटभर खाली बसतो.

"सापडलं," अण्णा म्हणाले, आणि आता कुठे बॉनेट उघडलं.

त्यांनी सांगितलेलं मी माझ्या शब्दांत सांगते. बसचे ब्रेक हवा दाबून लागतात. बस थांबली की सुस्कारा ऐकू येतो तो त्या हवेचा. आपल्या गाडीचे हवा ओढून लागतात. आपण अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की हवा आत घेणारं झाकण जवळजवळ मिटतं. पिस्टन तर ओढतच असतात. स्ट्रॉचं टोक बोटाने बंद करून ओढलं की गाल आत जातात, तशी आत ओढ तयार होते. त्या ओढीवर एक जाड रबरी नळी ब्रेकच्या डब्याला जोडलेली असते, आणि तो डबा आपल्या पायाला मदत करतो. आता त्या नळीलाच भोक पडलं तर? ब्रेकला मदत नाही, पाय जड. आणि त्याच भोकातून न मागितलेली हवा इंजिनात. उभ्या गाडीत इंजिन जेमतेम श्वासावर असतं, त्यामुळे तेवढी हवाही त्याला झेपत नाही. संगणक सावरायला जातो, जास्त सावरतो, परत आवरतो. म्हणून सुईचा झोका. रस्त्यावर झाकण उघडं, हवा मुबलक. तिथे हे भोक असलं काय, नसलं काय. डिझेल गाडीत हवेवर असं झाकण मिटून काम चालत नाही, तिथे ही ओढ तयार करायला वेगळा पंप बसवतात. हे अण्णांनी माझ्याकडे न बघता, बॉनेटमध्ये डोकं घालून, स्वतःलाच सांगितलं.

इंजिन चालू होतं. मला आणि माईंना कुकरची शिट्टी बसताना येतो तसा बारीक 'स्स्स' ऐकू येत होता, अण्णांना नाही. त्यांची बोटं नळीवरून सरकत गेली, वरून काहीच नाही, मग खालच्या अंगाने, आणि एका ठिकाणी थांबली. त्यांनी अंगठा दाबला.

इंजिन शांत झालं. म्हणजे इतकं शांत की मला ते बंद पडल्यासारखं वाटलं. सुई ८०० वर. हत्ती गप्प. अण्णांनी अंगठा उचलला, परत थरथर. ठेवला, शांत. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. गरज एकदाचीच होती. उरलेल्या वेळा त्यांनी स्वतःसाठी केलं. निवृत्तीनंतर इतकं खुशीत मी त्यांना नातवाच्या बारशाला पाहिलं होतं.

"हरभऱ्याएवढं भोक. दात हैत ह्याच्यावर."

"उंदीर!" माई दोन पावलं मागे सरल्या.

पावसाळ्यात उभ्या गाडीचं बॉनेट म्हणजे उंदराला कोरडी, आडोशाची जागा. काही दिवस हलली नाही की संसारच मांडतो. वायरी कुरतडतो, नळ्या कुरतडतो. सगळ्यांच्याच गाड्या गल्लीत उभ्या असतात, मग आमच्याचकडे का? याचंही उत्तर अण्णांनी दिलं, तोंडाने नाही. त्यांनी बॅटरीच्या मागच्या खोबणीतून हात घातला आणि मूठभर माल काढून भिंतीवरच्या सुपाशेजारी ठेवला. फडक्याच्या चिंध्या, दोन-तीन अख्खे दाणे, आणि टरफलं. शेंगांची.

माईंनी टरफलांकडे पाहिलं, मी माईंकडे पाहिलं.

"मी न्हाई टाकली," माई म्हणाल्या.

तेहतीस वर्षं मी वर्गात टिळकांची ती गोष्ट सांगत आले. पण बाणेदार नकार देणाऱ्याच्या पदरात अर्धी शेंग शिल्लक असलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक घरी आला, कारण तसल्या ब्रेकवर गाडी गॅरेजपर्यंत न्यायला अण्णांनी साफ मनाई केली. नळी बदलायला पाव तास लागला आणि पैसे प्लगच्या निम्मेही नाहीत. अण्णांनी तंबाखूची पुडी फडक्यात बांधून बॉनेटमध्ये टांगली आहे. तिला उंदीर भितो की नाही ते कळेल, पण माझ्या साड्यांना वास येतो. माई आता टरफलांसाठी वेगळा डबा आणतात. त्यात निम्मी पडतात.

राहिला भाचा. त्याने गाडी पिळली, घाटात क्लच जाळला, हे मी कुठे कुठे सांगितलं होतं याची यादी केली तर नणंदेच्या चुलत जावेपर्यंत पोचली. म्हणजे नणंदेपर्यंत. मी मुकाट्याने त्यालाच फोन लावला आणि माफी मागितली. उंदराचं, नळीचं, सगळं सांगितलं.

तो पलीकडे जरा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामी, घाटात नेलीच नव्हती मी गाडी. कासला गेलोच नव्हतो."

"मग?"

"वाईला. आईला सांगू नकोस. दिवाळीनंतर मीच सांगणार आहे. तिच्या घरचेही तेव्हाच..."

सातारा ते वाई, जाऊन येऊन सत्तर किलोमीटर. उरलेले वीस जागच्या जागी बसले. मुलगी दातांची डॉक्टर आहे, वाईला वडिलांचं दुकान आहे, आणखीही बरंच आहे, पण मी त्याला शब्द दिला आहे. गणपतीपुढे उभं राहून दिला आहे.

साडेपाचला माई सूप घेऊन आल्या. आल्या आल्या गाडीकडे पाहिलं. ती चालू होती आणि तिच्या अंगावरची माशी उडत नव्हती. मग त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले, आणि माझ्याकडे जरा रोखून बघितलं.

"काय गं," त्या म्हणाल्या, "आता तू का थरथरतीयस?"